घट्ट नेकचे चेंबर आणि त्यातल्या पुंगळ्या: या चुका टाळा

व्हर्मिंट रायफलीला (शेतातल्या लहान उपद्रवी प्राण्यांवर वापरायच्या रायफलीला) घट्ट नेकचे चेंबर कापून घेण्यामागे अचूकतेचा ध्यास असतो आणि तो योग्यच आहे. चेंबर म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची पोकळी, पुंगळी म्हणजे काडतुसाचे पितळी कवच आणि नेक म्हणजे पुंगळीचा गोळी धरणारा अरुंद भाग. मात्र असे चेंबर असलेल्या रायफलीसाठी घरी काडतुसे भरताना कारखान्यातून आलेल्या पुंगळ्या न मोजता वापरणारे लोक वारंवार भेटतात, आणि ही चूक केवळ नेम बिघडवणारी नसून जिवावर बेतणारी आहे.

हिशोब अगदी सोपा आहे. ०.२२४ इंच व्यासाची गोळी आणि ०.०१३५ इंच जाडीची नेकची भिंत असेल, तर भरलेल्या काडतुसाचा नेक ०.२५१ इंच होतो. चेंबरचा नेक ०.२५० इंचाचा असेल, तर काडतूस एक सहस्रांश इंचाने मोठे ठरते. स्फोटाच्या क्षणी नेकने फुगून गोळी सोडायची असते. फुगायला जागाच नसेल, तर गोळी जखडलेली राहते आणि दाब झपाट्याने वाढतो.

माझ्या परिचयातल्या एका नेमबाजाने .२२२ रेमिंग्टन या काडतुसाची वापरलेली रायफल घेतली होती. बॅरलवर नेकचे माप स्पष्ट कोरलेले होते, पण ते त्याला नक्षीकामाइतकेच बिनमहत्त्वाचे वाटले. चेंबर बंद करणारा बोल्ट शेवटच्या टप्प्यात अडत असे, तेव्हा तो तळहाताने रेटून बंद करी. बार काढल्यावर बोल्ट उचलायला जड जाई आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोप्या) चपटे होऊन कडा हरवलेले दिसत. त्याने दोष दारूच्या प्रमाणाला दिला, ते दोनदा कमी केले, तरी लक्षणे तशीच राहिली. अखेर त्याने झाडलेल्या पुंगळ्या मला दाखवल्या. त्यांच्या नेकमध्ये मी नवी गोळी हाताने सोडून पाहिली. ती तोंडाशीच अडली. नीट बसणाऱ्या चेंबरमधून आलेल्या पुंगळीत गोळी सहसा सहज उतरते. मग भरलेले काडतूस मायक्रोमीटरने मोजले आणि उत्तर समोर आले. उरलेल्या सर्व काडतुसांतून गोळ्या काढायला लावल्या, नेकच्या भिंती बाहेरून ०.०१२ इंचापर्यंत तासल्या, म्हणजे भरलेला नेक ०.२४८ इंच झाला, आणि दारूचे प्रमाण पुन्हा किमान आकड्यापासून सुरू केले. त्यानंतर बोल्ट एका बोटाने बंद होऊ लागला.

मी स्वतः भरलेला नेक आणि चेंबर यांत दोन सहस्रांश इंच मोकळीक ठेवतो. शेतात धूळ उडत असेल तर तीन. स्पर्धेतले नेमबाज याहून कमी ठेवतात, पण व्हर्मिंट रायफलीला त्या धोक्याचा काहीही लाभ होत नाही. भिंतीची जाडी मोजताना कॅलिपरवर विसंबू नका, गोल टोकाचा मायक्रोमीटर वापरा. पुंगळ्यांची नवी लॉट (एकत्र आलेला गट) उघडल्यावर मी प्रायमर व दारू नसलेले नमुना काडतूस तयार करतो, त्याच्या नेकवर काळी शाई लावतो आणि ते हलक्या हाताने चेंबरमध्ये घालून काढतो. शाई कुठे घासली गेली तर काम तिथेच थांबवतो.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लांबी. झाडताना आणि डायमधून (पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढताना पितळ पुढे सरकत जाते. .२२२ रेमिंग्टनच्या पुंगळीची कमाल लांबी १.७०० इंच आणि छाटण्याची लांबी १.६९० इंच आहे. मर्यादा ओलांडली की तोंड चेंबरच्या पुढच्या पायरीत घुसते आणि गोळीला आवळते; म्हणजे नेक तासूनही तोच दाब दुसऱ्या मार्गाने येतो. छाटणी नेहमी साइझिंगनंतर, म्हणजे पुंगळी डायमधून काढल्यानंतर करावी, कारण साइझिंगमध्ये लांबी आणखी वाढते. वेळ वाचवण्यासाठी हा क्रम उलटा करणाऱ्यांना मला सांगावेसे वाटते की त्यांची सगळी मोजणी निरर्थक ठरते.

खांद्याला (नेकच्या खालच्या उतरत्या भागाला) लागून नेकच्या आत जाड कडे तयार होत असेल, तर नेक तासताना कटर खांद्यात किंचित उतरू द्यावा. साइझिंगच्या वेळी वंगण जास्त लावल्यास खांद्यावर खळगे पडतात. साइझिंगमध्ये खांदा एक ते दोन सहस्रांश इंचापेक्षा जास्त मागे ढकलू नये, अन्यथा पुंगळी बुडाजवळ लवकर फाटते. वेगवेगळ्या बनावटीच्या पुंगळ्या एका लॉटमध्ये मिसळू नयेत.

तासलेल्या पुंगळ्या मात्र सैल चेंबरच्या रायफलीत वापरू नयेत. पातळ नेक तिथे फार फुगतो, डायमध्ये पुन्हा फार आवळला जातो आणि थोड्याच फेऱ्यांत तडकतो. म्हणून माझ्या प्रत्येक डब्यावर रायफल, चेंबरच्या नेकचे माप आणि भिंतीची जाडी लिहिलेली असते, आणि ज्या डब्यावर हे लिहिलेले नाही, त्यातली पुंगळी मी पुन्हा मोजल्याशिवाय भरत नाही.