द्वेषातून खून केला तर फाशी द्यावी का? मत ठरवायच्या आधी हे बघा

चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून आमच्या फोंड्याच्या घरी हाच वाद पेटला, काका म्हणाले सरळ लटकवा, माझ्या हातातली नेवरी तशीच राहिली.

तर आधी कायदा वाचा. भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी कायद्याचं, कलम १०३(२), जुलै २०२४ पासून लागू: पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा असल्या कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. 'किंवा' नीट वाचा हं. शिवाय सुप्रीम कोर्टाचा १९८० चा बच्चनसिंग निकाल, दुर्मिळातली दुर्मिळ केस असेल तरच फाशी.

मग खैरलांजी बघाच. २००६ ला एका दलित घरातली चार माणसं मारली, २००८ ला भंडाऱ्यात सहा जणांना फाशी झाली आणि २०१० ला हायकोर्टाने ती २५ वर्षं कैदेवर आणली, वर म्हटलं की हा सूड होता, जातीचा द्वेष नव्हे. मला हे अजून टोचतं. द्वेषच सिद्ध होत नसेल तर फाशी कागदावर ठेवून काय उपयोग?

म्हणून मी काकांना विचारलं, तुम्हीपण घरी हेच विचारा: जमावातल्या नेमक्या कुणाला लटकवायचं, आणि चुकीचा माणूस निघाला तर?