कॅलिफोर्नियात मंडळाची रॅफल: तिकिटं छापायला टाकण्याआधी

दिवाळीच्या कार्यक्रमात रॅफल, म्हणजे तिकिटं विकून बक्षिसांची सोडत, ठेवायची टूम साधारण गणपती उरकले की निघते. तोवर उशीर झालेला असतो. मी आमच्या छोट्या संस्थेची खजिनदार आहे आणि बैठकीत दरवर्षी हेच सांगून वाईटपणा घेते, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत लॉटरीला मुळातच मनाई आहे. सूट एकेक करून मिळत गेली: १९७६ मध्ये धर्मादाय बिंगोला, १९८४ मध्ये राज्य सरकारच्या लॉटरीला. रॅफलसाठी विधिमंडळाने घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला आणि मार्च २००० मध्ये तो प्रपोझिशन १७ म्हणून मंजूर झाला. त्यावर बेतलेला कायदा, म्हणजे दंडसंहितेचं कलम ३२०.५, जुलै २००१ पासून लागू आहे. म्हणजे आपल्याला मिळालाय तो एका बंद दरवाजातला छोटा दिंडी-दरवाजा. वाकूनच जावं लागतं.

पहिली गोष्ट पात्रता. संस्था ना-नफा हवी, राज्याच्या करातून सूट मिळालेली हवी आणि कॅलिफोर्नियात कामकाज करण्यास पात्र होऊन तिला किमान एक वर्ष झालेलं हवं. चार मित्रांनी मिळून व्हॉट्सॲप ग्रुपवर काढलेलं मंडळ यात बसत नाही, कार्यक्रम कितीही चांगल्या कामासाठी असो. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेचं नाव नुसतं तिकिटावर छापायचं, असल्या युक्त्या कुणी सुचवल्या तर मी बैठकीतून उठते.

मग नोंदणी. राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे धर्मादाय संस्थांचं नोंदणी कार्यालय आहे. त्यांचा सीटी-एनआरपी-१ हा फॉर्म भरायचा, सोबत थोडी फी. सोडतीच्या तारखेआधी किमान ६० दिवस तो पोचला पाहिजे, आणि नोंदणी झाल्याचं उत्तर हातात येईपर्यंत तिकीट विकायला काढू नका. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर ऑगस्टातच कागद हलले पाहिजेत. धार्मिक संस्था, शाळा आणि रुग्णालयं यांना नोंदणीतून सूट आहे, त्यामुळे मंदिरवाले बिनधास्त असतात. पण बाकीचे नियम त्यांनाही चुकलेले नाहीत.

आता खरा अडकवणारा नियम. तिकीटविक्रीच्या एकूण रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम धर्मादाय कामालाच गेली पाहिजे. एकूण म्हणजे खर्च वजा करण्याआधीची. समजा चार हजार डॉलरची तिकिटं खपली, तर छपाई, बक्षिसं, बाकी सटरफटर, सगळं मिळून त्यातून चारशेच्या वर काढता येणार नाही. सहाशेचा टीव्ही तिकिटांच्या पैशातून घेतला की गणित तिथेच फसलं. म्हणून बक्षिसं देणगीतून मिळवा: कुणा व्यावसायिकाकडून, सभासदाकडून. किंवा खर्च संस्थेच्या दुसऱ्या निधीतून करा, ते चालतं. माझा शिरस्ता असा की बक्षिसं पक्की झाल्याशिवाय तिकिटाचा दर ठरवायचाच नाही.

याच नियमामुळे ‘अर्धे पैसे विजेत्याला, अर्धे संस्थेला’ हा प्रकार आपल्याला बंद आहे. ‘मग बास्केटबॉलच्या मॅचला कसा चालतो?’ हे हमखास विचारलं जातं. मोठ्या लीगच्या संघांशी जोडलेल्या धर्मादाय संस्थांसाठी २०१५ मध्ये विधिमंडळाने वेगळा कायदा केला, कलम ३२०.६. आपला त्यात नंबर नाही.

मराठी मंडळांना सर्वांत टोचणारं कलम मात्र निराळंच आहे. रॅफलचा पैसा कॅलिफोर्नियाबाहेरच्या कुठल्याही कामाला वापरता येत नाही. मराठवाड्यातल्या शाळेला संगणक, दुष्काळी गावाला टँकर, कोकणातल्या पूरग्रस्तांना मदत, यातलं काहीही या पैशातून होणार नाही. त्यासाठी सरळ देणगी मागा, तिचा हिशेब वेगळा ठेवा. शिवाय पदाधिकाऱ्यांच्या आणि सभासदांच्या फायद्यासाठीही तो वापरता येत नाही. सभासदांच्या सहलीला रॅफलचा आधार नको. इथल्या अन्नछत्राला द्यायचा असेल तर तीही संस्था कायद्याने पात्र आहे ना, ते आधी बघा.

तिकीट कसं असावं? फाडून काढता येईल असा भाग हवा आणि दोन्ही भागांवर एकच, दुसऱ्या कुठल्याही तिकिटावर नसलेला क्रमांक हवा. पावतीपुस्तकाला स्थळप्रत असते तसं. सोडत त्या फाडलेल्या भागांतूनच काढायची. चिठ्ठी एखाद्या चिमुरडीने उचलली तर हौस होते, पण देखरेखीला १८ वर्षांवरचं माणूस हवं, आणि सोडत कॅलिफोर्नियातच व्हायला हवी.

इंटरनेटवरून विक्री नाही. संकेतस्थळावर जाहिरात करा, बक्षिसांचे फोटो टाका, हरकत नाही. पण लिंक पाठवून पैसे घेणं आणि ई-तिकीट धाडणं बंद. तरुण मंडळी यावर फार कुरकुरतात. मी त्यांच्या हातात तिकिटांची पुस्तकं देते आणि नाष्ट्याच्या रांगेपाशी उभं करते. तिथे विक्री बरी होते. विकणारे स्वयंसेवकच असू द्या: मोबदला देऊन बाहेरचा माणूस लावता येत नाही, पैसे घेणारा संस्थेचा कर्मचारीच असावा लागतो.

तिकीट घेणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगा: हे पैसे करात देणगी म्हणून दाखवता येत नाहीत. कारण त्यांनी बक्षिसाची संधी विकत घेतली आहे. आणि बक्षीस तिकिटाची किंमत वजा जाता ५,००० डॉलरच्या वर गेलं तर २४ टक्के केंद्रीय कर कापून भरायची जबाबदारी संस्थेवर येते. गाडी बक्षीस ठेवण्याची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

हे सगळं जड वाटत असेल तर एक वाट आहे. तिकीट मागेल त्याला फुकट, देणगी ऐच्छिक, आणि देणगी न देणाऱ्यालाही अगदी त्याच अटींवर सोडतीत स्थान, असं खरोखर राबवलं तर नोंदणीची गरज नाही. पण ‘ऐच्छिक’ म्हणून टेबलावर डबा ठेवायचा आणि नुसतं तिकीट मागणाऱ्याकडे डोळे वटारायचे, हे चालणार नाही. ओळखीच्या गर्दीत ते प्रामाणिकपणे करणं मला तरी नोंदणीपेक्षा अवघड वाटतं.

कार्यक्रमानंतर सीटी-एनआरपी-२ हा अहवाल राहतो. एकूण विक्री, थेट खर्च, पैसा कुठल्या कामाला गेला, एवढंच त्यात मागतात. न खपलेली तिकिटं मात्र त्याच रात्री मोजून हिशेबाच्या फाइलला लावा. सकाळपर्यंत थांबलात तर निम्मी पुस्तकं कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत गेलेली असतात.