कॅमेऱ्यातला दोष की एडिटिंगचं काम: कोकणात शूटिंग करणाऱ्या नवख्यांसाठी

शिमग्याची पालखी असो, दशावतार असो की किनाऱ्यावरचं लग्न, शूटिंग करताना ‘एडिटिंगमध्ये बघू’ हे वाक्य फार लवकर तोंडात येतं. ते कधी म्हणायचं आणि कधी नाही, हे ठरवायला एकच कसोटी पुरते: तो तपशील कार्डावर नोंदला गेलाय का? नोंदला असेल तर सुधारता येतो. नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तो आणून देत नाही.

सगळ्यात आधी उजेड. दुपारी बाराला वाळूवर उभ्या नवरदेवाचा पांढरा सदरा चित्रात ‘जळला’, म्हणजे जास्त उजेडाने नुसता पांढरा झाला, की त्याच्या चुण्या कायमच्या गेल्या. एडिटिंगमध्ये तो फार तर राखाडी होईल. म्हणून झेब्रा (जळायला आलेल्या भागावर पडद्यावर पट्टे दाखवणारी सोय) १०० वर ठेवा आणि कपड्यावर पट्टे दिसायला लागले की एक्सपोजर उतरवा. त्यासाठी अ‍ॅपर्चर एफ/११ पर्यंत बंद करू नका. छोट्या सेन्सरच्या कॅमकॉर्डरमध्ये एफ/५.६ च्या पुढे चित्र मऊ पडायला लागतं. उजेड कमी करणारी काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर, त्यासाठीच दिलेला असतो. मात्र फार अंधारं शूट करणंही धोक्याचंच. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या जेमतेम २५६ पायऱ्या असतात, त्यामुळे सावली उचलली की आभाळात पट्टे आणि काळ्या भागात चौकोन उमटतात.

दुसरा मोठा त्रास लाइटच्या लखलखाटाचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट आणि हॅलोजनचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर ते दिसत नाही. १/६० ला फ्रेमभर उजेड-अंधाराची लाट फिरते. कॅमेरा ६० हर्ट्झच्या सेटिंगवर आलेला असेल तर मेनूत जाऊन तो आधी ५० वर आणा. जत्रेत लाइट जनरेटरवर असतात आणि त्याची गती जराशी हलली की १/५० लाही पट्टे सरकताना दिसतात. तेव्हा शटरचा वेग बारीक आकड्यांत बदलू देणारं क्लिअर स्कॅन किंवा सिंक्रो स्कॅन लावा आणि आकडा बारीक बारीक बदलत पट्टा थांबवा. स्वस्त एलईडीची लखलख वेगळ्याच गतीची असते. तिथे खेळ सुरू व्हायच्या आधी दहा सेकंदांची क्लिप काढून मोठ्या पडद्यावर बघाच. डीफ्लिकर प्लगइन काम करतं, पण नाचणाऱ्या पात्राच्या हातामागे त्याची सावली ओढली जाते, आणि रेंडरला रात्र जाते.

दशावतारात लाल रंग फार. कॅमकॉर्डर साधारण ४:२:० मध्ये, म्हणजे रंगाचा तपशील कमी करून नोंदतो. फुल एचडीत १९२० x १०८० चित्राला रंग मात्र ९६० x ५४० एवढाच. लाल लाइटखाली लाल भरजरी पोशाख आला की कडा दातेरी होतात, आणि लाल चॅनल जळला तर चेहऱ्यावरचं रंगकामही सपाट दिसतं. सॅच्युरेशन कॅमेऱ्यातच दोन पायऱ्या कमी ठेवा. एडिटिंगमध्ये वाढवणं सोपं आहे.

गेनचा (अंधारात कॅमेऱ्याने चित्र उजळ करण्याचा) दाणा मात्र आम्ही खुशाल सोडतो. १२ डीबीपर्यंतचा दाणा डीनॉइझ बऱ्यापैकी सांभाळतं. जास्त रेटलं तर कातडी मेणासारखी दिसते, म्हणून अर्ध्या जोरावर थांबा. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत नॉइझ रिडक्शन मिळत नाही, तेव्हा काम घेण्याआधी हे पाहून ठेवा. व्हाईट बॅलन्स थोडा हुकला, क्षितिज एक-दोन अंशांनी कललं, तर चालेल. हाताचा हिसकाही स्टॅबिलायझर काढतो, पण अंधारात १/५० ला आलेला धूसरपणा तसाच राहतो आणि थांबलेल्या फ्रेममध्ये तो जास्तच खुपतो.

शेवटी लेन्स. समुद्रावर तासाभरात काचेवर खारट थर बसतो आणि सगळं फुटेज दुधाळ होतं. कॉन्ट्रास्ट वाढवून ते थोडं परत येतं, पण सूर्यासमोरचा फ्लेअर जात नाही. आधी ब्लोअरने वाळू उडवा, मगच ओलसर मायक्रोफायबर फिरवा. कोरडं पुसलं तर मिठाचे कण ओरखडे पाडतात. पुढे एक यूव्ही फिल्टर कायम असू द्या. एसीच्या खोलीतून बाहेर निघताना कॅमेरा बंद प्लास्टिक पिशवीत घालून अर्धा तास तसाच ठेवा, मगच पिशवी उघडा, म्हणजे काचेवर बाष्प धरणार नाही.