'गो' हे क्रियापद वाक्यात कसे वापरावे

इंग्रजी शिकणाऱ्याला 'गो' हे क्रियापद अगदी आरंभी भेटते आणि 'गो म्हणजे जाणे' एवढे पाठ करून तो पुढे सरकतो. चुका मात्र अर्थाच्या बाबतीत होत नाहीत. त्या होतात या क्रियापदाच्या रूपांत आणि त्यानंतर येणाऱ्या शब्दांत. त्या टाळण्यासाठी आधी आपल्याच 'जाणे'कडे नीट पाहावे, असे मला वाटते.

'गो'चा भूतकाळ 'वेंट' कसा, असा प्रश्न मुले विचारतात. 'वेंट' हे मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप असून ते पुढे 'गो'ला येऊन चिकटले. यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण 'जातो'चा भूतकाळ आपणही 'गेला' असाच करतो; 'जा' हा संस्कृत 'या' धातूपासून आला आणि 'गेला' हे 'गत'पासून. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की 'डिड' आले की भूतकाळ त्यातच येतो, म्हणून 'आय डिडन्ट गो' म्हणावे, 'डिडन्ट वेंट' नव्हे.

ठिकाण सांगताना 'पुण्याला', 'बाजारात' यांतील प्रत्ययाच्या जागी बहुधा 'टू' येतो : 'आय वेंट टू द मार्केट'. पण आपण 'घराला जातो' म्हणत नाही, 'घरी जातो' म्हणतो. इंग्रजीतही 'होम'ची अशीच खास सोय आहे आणि 'गो होम' यात 'टू' लागत नाही. 'देअर', 'अपस्टेअर्स', 'अब्रॉड' यांचेही तसेच. 'शी गोज टू स्कूल' म्हणजे ती शिकायला जाते. पालकसभेसाठी आई जाते तेव्हा मात्र 'टू द स्कूल' म्हणावे लागते.

'पोहायला', 'खरेदीला', 'फिरायला' या शब्दांतला 'ला' आपल्याला फसवतो आणि तोंडातून 'गो टू शॉपिंग' निघून जाते. 'गो स्विमिंग', 'गो शॉपिंग' आणि 'गो फॉर अ वॉक' हे प्रयोग अख्खेच पाठ करावेत. येथे तर्क चालवण्यात फारसा अर्थ नाही.

खरी गंमत 'गॉन' आणि 'बीन' यांत आहे. समजा, कार्यालयात फोन आला आणि साहेब नाशिकला गेलेले असताना आपण 'ही हॅज बीन टू नाशिक' असे सांगितले, तर पलीकडचा माणूस 'मग द्या की त्यांना फोन' असे म्हणू शकतो, कारण त्याने 'साहेब नाशिकला जाऊन आले आहेत' असे ऐकलेले असते. 'गेले आहेत' यासाठी 'हॅज गॉन' आणि 'जाऊन आले आहेत' यासाठी 'हॅज बीन', हे मनात मराठीत म्हणून पाहिले की घोटाळा होत नाही.

माणसाने जागचे न हलता होणारे 'जाणे'ही दोन्ही भाषांत आहे. परीक्षेहून आलेल्या मुलाला आपण 'पेपर कसा गेला?' असे विचारतो, तेच इंग्रजीत 'हाउ डिड द पेपर गो?' असे होते आणि उत्तर 'इट वेंट वेल' असे येते. दूध नासले तर 'द मिल्क हॅज गॉन बॅड'. पण 'मी विसरून गेलो' यातले 'गेलो' इंग्रजीत नेऊ नये. तेथे 'आय फरगॉट' एवढे पुरते. उलट 'पाऊस पडणार आहे' यात आपल्याकडे कोणी कोठे जात नाही, तरी इंग्रजीत 'इट इज गोइंग टू रेन' म्हणतात, कारण 'गोइंग टू' तेथे आपल्या 'णार'चे काम करते.

रोजच्या सवयीला 'आय गो टू द ऑफिस बाय बस' असे साधे रूप वापरावे; 'आय ॲम गोइंग डेली' ही 'जात असतो'ची नक्कल आहे.

निरोप घेताना 'जातो' म्हणणे आपल्याकडे अशुभ मानतात, म्हणून आपण 'येतो' म्हणतो. इंग्रजीत तसा संकेत नाही, तेव्हा उठताना खुशाल 'आय शुड गो नाउ' म्हणावे. उंबऱ्यावर उभे राहून 'आय ॲम कमिंग' म्हटले, तर यजमान गोंधळून पाहत राहील. ते वाक्य दाराची घंटा वाजल्यावर आतून 'आलो, आलो' म्हणणाऱ्याचे आहे.