चेर्डिक आणि वेसेक्सचं राजघराणं: वाचताना या चुका टाळा

दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याचा नवव्या शतकातला राजा आल्फ्रेड; त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे चेर्डिक. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ हे जुन्या इंग्रजीतलं सालवार नोंदींचं पुस्तक उघडलं की तो ४९५ मध्ये मुलगा किनरिक आणि पाच जहाजं घेऊन ब्रिटनच्या किनाऱ्याला लागतो, ५१९ मध्ये राजा होतो, ५३० मध्ये वाइट बेट जिंकतो आणि ५३४ मध्ये मरतो. सनावळी इतकी नेटकी आहे की ती तशीच उतरवून घ्यावीशी वाटते. पहिली चूक तिथेच होते.

क्रॉनिकलचं संकलन झालं आल्फ्रेडच्या कारकिर्दीत, नवव्या शतकाच्या अखेरीस. घटना आणि लेखन यांत जवळजवळ चारशे वर्षांचं अंतर आहे. तेव्हा साल दिसलं की आधी वयाचा हिशेब मांडा. ४९५ मध्ये बापाबरोबर उतरलेला किनरिक ५५६ च्या लढाईतही आहेच. उतरताना तो वीस वर्षांचा धरला, तर तिथे एक्क्याऐंशीचा होतो! आल्फ्रेडच्याच काळातल्या असर या धर्मगुरूने लिहिलेल्या त्याच्या चरित्रातली वंशावळ शेजारी ठेवा, म्हणजे चेर्डिक आणि किनरिकच्या मध्ये क्रेओडा नावाची एक जास्तीची पिढी सापडेल.

मग एकोणीसचा आकडा लावून पाहा. ४९५ मध्ये चेर्डिकेसोरा इथे जहाजं लागतात आणि ५१४ मध्ये त्याच ठिकाणी पुन्हा वेस्ट सॅक्सनांची, म्हणजे वेसेक्सच्या लोकांची, तीन जहाजं येतात. ५०८ मध्ये एक लढाई, ५२७ मध्ये दुसरी. दोन्हीकडे अंतर १९ वर्षांचंच. ईस्टरची तारीख काढायचे तक्ते १९ वर्षांच्या चक्राने चालत आणि अशा तक्त्यांच्या कडेला वार्षिक नोंदी करण्याची पद्धत होती. एकच आठवण दोन चक्रांत शिरली असावी, असं म्हणूनच मानलं जातं. इतिहासकार डेव्हिड डमविल यांनी वेसेक्सच्या राजांच्या यादीतली कारकिर्दीची वर्षं तपासून चेर्डिकचा काळ ५३८ ते ५५४ असा सुचवला आहे.

गावाच्या नावावरून माणूस घडवला गेला असेल, तर तो खरा मानू नका. ५०१ मध्ये ‘पोर्ट’ नावाचा माणूस पोर्ट्समथला उतरला, असं क्रॉनिकल सांगतं. पण पोर्ट हे बंदरासाठीच्या ‘पोर्टस’ या लॅटिन शब्दावरून आलेलं आहे. क्रॉनिकलमधला वाइट बेटाचा सरदार विहटगारही असाच बेटाच्या नावातून आलेला दिसतो.

नकाशा काढताना फार जण चुकतात. क्रॉनिकलच्या भरवशावर ते वेसेक्सचा उगम हॅम्पशरच्या किनाऱ्यावर दाखवतात. बीड या इंग्रज भिक्षूने ७३१ मध्ये पुरा केलेला इतिहास त्याआधी वाचायला हवा. त्यात चेर्डिकचं नावही नाही. वाइट बेट आणि समोरचा किनारा तो ज्यूट या वेगळ्या जर्मानिक लोकांचा म्हणतो, आणि वेस्ट सॅक्सनांना पूर्वी ‘गेविसे’ म्हणत, असं नोंदवतो. या लोकांच्या पहिल्या बिशपला, बिरिनसला, राजाने जागा दिली ती थेम्सकाठच्या डॉर्चेस्टरला. वरच्या थेम्स खोऱ्यात जुन्या अँग्लो-सॅक्सन दफनभूमीही आहेत. माझ्या मते नकाशावरची पहिली खूण तिथेच हवी.

वंशावळीत चेर्डिक थेट वोडन देवापर्यंत पोचतो, आणि पुढे नोहा, आदमपर्यंतही. अभ्यासक केनेथ सिसम यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की तिचा वरचा भाग उत्तरेकडच्या बर्निशियाच्या राजघराण्याकडून उसना घेतला आहे. मध्येच भेटणारा ‘गेविस’ हा तर जमातीच्या नावाचाच केलेला पूर्वज. तरीही ती फेकून देऊ नका. बखर जशी लिहिणाऱ्याच्या काळाबद्दल बोलते, तशी ही वंशावळ नवव्या शतकातल्या दरबाराला काय मिरवायचं होतं ते सांगते.

आता चेर्डिकच्या नावाबद्दल, कारण माझा जीव तिथेच अडकतो. त्याला ‘अस्सल सॅक्सन’ म्हणणं चूक आहे. हे नाव ब्रिटनच्या मूळ भाषेतलं, वेल्श केरेडिगच्या गोतातलं. ६८५ मध्ये वेसेक्सच्या गादीवर आलेल्या कॅडवालाचं नावही तसंच. एवढ्यावरून चेर्डिक जन्माने ब्रिटन, म्हणजे सॅक्सनांआधीच्या मूळ लोकांपैकी, होता, असं ठरवायला मात्र धावू नका. आई ब्रिटन असेल, किंवा दोन समाजांची सोयरीक असेल. नावापलीकडे हाती काही नाही. पण वर देव जोडणाऱ्या, अख्खी पिढी गाळू शकणाऱ्या त्या लेखनिकांनी मूळ पुरुषाचं हे परकं नाव तेवढं बदललं नाही.