हिमालयावरचे खोटे पट्टे कसे ओळखायचे

फेब्रुवारीत पश्चिमी झंझावात आला की दिंडोरीहून काकांचा फोन ठरलेला: "गारा पडतील का रे?" एका वर्षी जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलच्या नकाशात, हवेचा दाब ३०० हेक्टोपास्कल असतो त्या पातळीला, म्हणजे साधारण ९ किलोमीटरवर, उभ्या वेगाचे (हवा वर-खाली जाण्याच्या वेगाचे) गडद पट्टे हिमालयावर दिसले. झंझावात जबरदस्त आहे असं मी छातीठोकपणे सांगितलं. काकांनी घाईघाईत फवारणी उरकली. आलं नुसतं आभाळ! पट्टे खोटे होते. औषधाचा खर्च त्यांनी आजवर काढलेला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हापासून मी आधी मॉडेलमधली जमिनीची उंची आणि जमिनीवरचा दाब उतरवून घेतो. नाशकात दाब ९४५च्या आसपास असतो. म्हणजे १००० हेक्टोपास्कलची पातळी गोदाघाटाच्याही खाली, जवळपास अर्धा किलोमीटर जमिनीत. मॉडेलच्या फाइलमध्ये तिथलंही तापमान मिळतं, पण ते हिशेबाने भरलेलं. तिबेटवर तर ८५० आणि ७०० दोन्ही जमिनीखाली. जिथे पातळीचा दाब जमिनीवरच्या दाबापेक्षा जास्त, ते बिंदू सरळ गाळा.

वरच्या थरांचं दुखणं वेगळं. मॉडेलचे थर डोंगराच्या अंगाने वर चढतात. अशा तिरक्या थरावर आडवा दाबफरक काढायचा म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी. एका क्रेटचं वजन काढायला भरलेला ट्रक दोनदा वजनकाट्यावर चढवण्यासारखं. काटा जरा चुकला की क्रेट गायब. उतार जितका तीव्र तितकी ही चूक मोठी, आणि तिने हललेला वारा उभ्या वेगात पट्टे उमटवतो.

आता पट्टे तपासा. नकाशा गुळगुळीत न करता, मॉडेलच्या जाळीचा एकेक चौकोन दिसेल असा काढा. शेजारशेजारचे बिंदू वर-खाली, वर-खाली असे आलटूनपालटून असतील तर संशय घ्या. दोन-तीन चौकोनांत मावणारी लाट मॉडेलला धड पेलत नाही. पट्टे जागचे हलत नाहीत एवढ्यावरून मात्र खोटे ठरवू नका. डोंगरामुळे उठणारी खरी लाटही जागीच उभी असते. (इथे मी दोनदा फसलोय.) पण ती वाऱ्यावर जगते. म्हणून ५०० हेक्टोपास्कलचा वारा जोरात असलेला एक दिवस आणि पडलेला एक दिवस शेजारी ठेवा. वारा पडूनही पट्टे तसेच, तेही मॉडेलच्या उतारांना चिकटून? मग ते गणिताचे.

अशा डेटावरून भोवरेपणा (हवा किती गरगरते ते; शेजारच्या बिंदूंवरचे वारे वजा करून काढतात) वगैरे काढायचाच असेल तर आधी चार-पाच चौकोनांची सरासरी घ्या, नाहीतर प्रत्येक वजाबाकीत हाच कचरा फुगतो.