शाळेच्या परसबागेतल्या या चुका टाळा

माध्यमिक शाळेत शेती शिकवायची म्हटलं की नव्या शिक्षकांना आधी हिरवं दिसायला हवं असतं. पंधरा दिवसांत फोटो हवा! घाई सगळी तिथेच.

सगळ्यात जास्त फसतं ते पिकाचं वेळापत्रक. मीही फसलोय. एका वर्षी ऑगस्टच्या मध्याला नववीच्या मुलांकडून टोमॅटोची रोपं लावून घेतली. रोपांभोवती आळी करणं, माती लावणं, काठ्यांचा आधार, सगळं मुलांनी जीव लावून केलं. फळं रंगावर आली आणि दिवाळीची सुट्टी लागली. परतलो तेव्हा निम्मी फळं सडलेली, उरलेली शेळ्यांनी फस्त केलेली. मुलांच्या नोंदवहीत शेवटची ओळ होती, 'फुले आली.' काढणी नाही, वजन नाही, हिशेब नाही. मग शिकवलं काय? तेव्हापासून जूनमध्येच कालनिर्णयवर सुट्ट्या आणि परीक्षा लाल पेनाने गोल करतो आणि तिथून दिवस उलटे मोजतो. मेथी महिन्याभरात निघते, पालकही सव्वा महिन्याच्या आत कापायला येतो. हळदीला आठ-नऊ महिने लागतात. मे महिन्यात पाणी कोण घालणार ते ठरलेलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दुसरी चूक माती परीक्षणातली. 'अर्धा किलो माती आणा रे' म्हणून दोन पोरांना पिटाळायचं. आमच्या पोरांनी बांधाकडेची, जिथे दरवर्षी शेणखताचा ढीग पडायचा तिथली माती आणली. अहवालात सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस, भरपूर! खत घातलंच नाही आणि भेंडी पिवळी पडली. प्रयोगशाळेला नावं ठेवून झाल्यावर चूक कळली. आता प्रत्येक मूल स्वतःचा खड्डा घेतं. नागमोडी चालत आठ-दहा जागा, वरचा पालापाचोळा बाजूला, इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, कडेची माती खरवडून प्लॅस्टिकच्या बादलीत. ती कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. झाडाखालची, बांधालगतची, नुकतंच खत पडलेली जागा सोडायची. अख्खा तास जातो. जाऊ द्या.

युरिया मुठीने टाकू नका. त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन असतं, कोवळी रोपं करपतात. हेक्टरी 100 किलो नत्र द्यायचं तर गुंठ्याला साधारण 1 किलो, म्हणजे 2 किलो 200 ग्रॅमच्या आसपास युरिया, तोही एकदम नाही, हप्त्यांत विभागून. हे गणित फळ्यावर मुलांनाच सोडवू द्या.

बियाणं उगवण न तपासता पेरू नका. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि आठवड्याने मोजायचे, इतकंच.

फवारणी मुलांच्या हाती कधीच नाही.

खुरपणी ही शिक्षा नव्हे. वर्गात बोलला म्हणून पोराला तण काढायला बसवणाऱ्या गुरुजींनी शेतीचा तास घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात. तिथे हाताचं काम हाच अभ्यास असतो.

आणि मेलेली ओळ झाकू नका. साहेब येणार म्हणून रोपवाटिकेतली रोपं आणून खोचलेली मी पाहिली आहेत, काळ्या पिशवीसकट.